कासवाची फरशी

माझ्या जिवंत कासवाला दगड तुम्ही ठरवलंत, साहेब. मी नाही, माझ्या बायकोनं नाही, आणि शेजाऱ्यांनी तर नाहीच; ते तुमच्या कागदावर विश्वास ठेवून मागाहून नारळ घेऊन आले. पहिली सही तुमची आहे. तुमचं नाव मी इथं लिहीत नाही, खात्याचंही लिहीत नाही. लिहिलं तर ऱ्हस्व-दीर्घ चुकलं म्हणून कागद परत कराल आणि मूळ मुद्दा आणखी वर्षभर कपाटात पडेल. ज्याचं त्याला कळतं.

वाचकांना मात्र सांगायला हवं. मी सोपानराव, बारामतीला तुमच्याच कचेरीत आवक-जावक कारकून. आलेला कागद नोंदवायचा, जाणारा कागद नोंदवायचा, मधल्या काळात त्याचं काय झालं ते विचारायचं नाही, एवढी माझी नोकरी. शिक्षण मराठी सातवी. बाकी जे आलं ते वाचनालयातून आणि रद्दीतून. तेव्हा लिहिण्यात चुकलो असेन तर व्याकरण काढा, खुशाल काढा, मुद्दा काढू नका.

कासवाचं नाव धोंडू. जेवणाच्या थाळीएवढा, पाठीवर पिवळ्या चांदण्या, चेहरा पेन्शनीत निघालेल्या मामलेदारासारखा. कळंबच्या माळावरचा, म्हणजे जमिनीवरचा जीव, पाण्यातला नव्हे. हे चाळीत मी चाळीस जणांना सांगितलं आणि चाळीस जणांनी त्याला बादलीत टाकायला सुचवलं. कचेरीत मला सगळे ‘ए आवक’ म्हणतात. घरी मी ‘अहो’ आहे. पडवीच्या एका टोकाला उभं राहून ‘धोंडू’ म्हटलं की दुसऱ्या टोकाकडून हा निघतो. पोचायला चांगली पाच मिनिटं घेतो, मध्ये एकदा विचार करतो, पण येतो. साहेब, सतरा वर्षं नोकरी केली. माझ्या हाकेला येणारा दुसरा कोणी मला भेटलेला नाही.

पावसाळा सरता सरता धोंडू मागचे पाय ओढायला लागला. उलटा करून पाहिला तर पोटाच्या कवचाला लाल चट्टे, दोन ठिकाणी पाणी सुटलेलं. पिशवीत घालून गुरांच्या डॉक्टरकडं नेला.

“काय आणलंय?”

“कासव.”

डॉक्टरांनी पिशवीत डोकावून पाहिलं. “दूध देतं?”

पण माणूस भला. चष्मा लावून नीट तपासलं, जांभळं औषध लावलं आणि म्हणाले, “कुठं ठेवता याला?”

“पडवीत, फळ्यांचं कुंपण करून. खाली शेणाचं सारवण.”

“तेच भोवतंय. पोट दिवसभर ओलीला घासतंय, घाण आत जातेय. जमीन बदला. कोरडी पाहिजे, रोज धुऊन पुसता आली पाहिजे, आणि गुळगुळीत नको, पाय फाकतात. महिन्याभरात बदला. नाही बदलली तर परत आणायची तसदी घेऊ नका, गरज पडणार नाही.”

महिना. हा शब्द लक्षात ठेवा साहेब, तुमच्याकडं त्याचा अर्थ वेगळा असतो.

आता, चाळीत कोणाला ताप आला तर औषध सांगायला दोन जण येतात. कासवाची जमीन बदलायची म्हटल्यावर अख्खी चाळ आली. सगळ्यांत पुढं आबासाहेब. ते आपल्याच खात्यातून निवृत्त झालेले, पण सल्ला देण्यातून नाही.

“सोपानराव, वाळू टाका की. कऱ्हेची वाळू. कासव म्हंजी नदीचा जीव.”

“आबा, हे माळावरचं आहे.”

“मंग तर पायजेच. त्याला बी जरा नदीचं सुख कळू द्या.”

वाळू आणली, चाळली, उन्हात भाजली, पसरली. धोंडूनं ती खाल्ली. तीन दिवस पोट बंद. त्याला एरंडेल द्यावं असं ठरलं. कासवाचं तोंड उघडायचा प्रयत्न तुम्ही कधी केला आहे का? तुमच्या कपाटाचं कुलूप त्यापेक्षा लवकर उघडतं. मी आणि माझी बायको लीलाबाई, दोघं दोन बाजूंनी चमचा घेऊन बसलो आणि शेवटी ते एरंडेल माझ्या सदऱ्याला पाजलं.

मग शेजारच्या साखरबाई म्हणाल्या, “उसाचं पाचट घाला, भाऊजी. आमच्या कोंबड्या बगा कशा गुमान निजत्यात.” पाचट घातलं. त्यातल्या गोडव्याला लाल मुंग्या आल्या आणि पहिला चावा जखमेवर. जुनी वर्तमानपत्रं अंथरली, त्यातला अग्रलेख त्यानं चावून खाल्ला. तो त्याला माझ्यापेक्षा बरा पचला हे कबूल करतो. मेणकापड घातलं, पुसायला फार छान, पण धोंडूचे चारी पाय चार दिशांना गेले आणि तो पोटावर नुसता गोल फिरत राहिला. लीलाबाई म्हणाली, “आवं, तुमच्या कचेरीवाणी दिसतंय. हातपाय हलत्यात, पुढं काय बी जात न्हाय.”

उरला दगड. खडबडीत, न घोटलेली फरशी, एका बाजूला किंचित उतार, म्हणजे तांब्याभर पाण्यानं धुवावी आणि उतारानं पाणी गटारीत जावं. इतकी साधी गोष्ट. पण पडवी सरकारी, चाळ सरकारी. या चाळीत कॅलेंडरासाठी खिळा ठोकणाऱ्याची फाईल अजून चालू आहे आणि ते कॅलेंडर तीन वर्षांपूर्वीचं. म्हणून मी रीतसर अर्ज केला. सतरा वर्षं दुसऱ्यांचे अर्ज पाहिलेला माणूस, मला वाटलं, आपल्याला काय अवघड? तो अर्ज जसाच्या तसा देतो:

“विनंती अर्ज करतो की, माझ्या राहत्या खोलीच्या पडवीत कासव आहे. त्याखालील जमीन ओलीने खराब झाली आहे. सबब कासवाखाली चार फूट बाय तीन फूट दगडी फरशी स्वखर्चाने बसविण्यास परवानगी मिळावी.”

चूक माझी एकच. ‘जिवंत’ हा शब्द लिहिला नाही. सरकारात जिवंत असेल त्यानं तसं लिहून द्यावं लागतं, हे दरवर्षी हयातीचा दाखला घेऊन येणाऱ्या पेन्शनरांकडं पाहून मला कळायला हवं होतं.

तेवढ्यात म्हस्कू गवंड्यालाही सांगून ठेवलं, की परवानगी आली की त्याच दिवशी काम व्हावं. “म्हस्कू, कासवाची फरशी लागणार आहे. चार बाय तीन. खडबडीत दगड. तयार ठेव.”

म्हस्कूनं डोक्याचा पटका सारखा केला, हात जोडले आणि म्हणाला, “माझ्या हातनं व्हतंय, भाग्य हाय.” एका फरशीत कसलं आलंय भाग्य, असं मला वाटलं. पण गवंडी लोक बोलतात काहीतरी.

अर्ज मीच आवक नोंदवहीत चढवला. पाच दिवसांनी उत्तर आलं, तेही मीच जावक नोंदवहीत चढवलं, मीच माझ्या टेबलावरून माझ्याच टेबलावर पोच केलं आणि मिळाल्याबद्दल माझी सही घेतली. उत्तरात तुम्ही विचारलं होतंत: सदर कासव केव्हा व कोणाच्या परवानगीने बसविले? कासवासमोरील देवता कोणती? कासवाचे तोंड कोणत्या दिशेस आहे? सरकारी इमारतीत धार्मिक स्वरूपाचे बांधकाम केल्याबद्दल आपणांविरुद्ध कारवाई का करू नये?

कागद दोनदा वाचला तेव्हा उजेड पडला. देवळात गाभाऱ्यासमोर जमिनीत दगडी कासव असतं, लोक त्याला हात लावून पुढं जातात, ते कासव! तुम्हाला वाटलं मी पडवीत देऊळ काढलंय. तुमच्या खुर्चीपासून माझी पडवी एकशे ऐंशी पावलं आहे, मी मोजली आहेत. उठून खिडकीशी आला असतात तरी दिसलं असतं. पण उठलेला साहेब आणि चाललेला दगड, दोन्ही दुर्मीळ.

मला राग आला. रागात लिहू नये म्हणतात, मी त्याच वेळी लिहितो. मी कळवलं: “कासव बसविलेले नाही, ते आपले आपण बसलेले आहे. समोर देवता नाही, कोथिंबीर असते. तोंड सकाळी पूर्वेस, दुपारी दक्षिणेस व मी आल्यावर माझ्याकडे असते. त्याचे नाव धोंडू आहे.”

यावर तुमच्या हाताखालच्या हेडक्लार्कनं, संभाजीरावांनी, पानाची पिंक खिडकीबाहेर टाकून सबंध कचेरीला ऐकू जाईल असं वाचलं. “अर्जदार स्वतः ते धोंडा असल्याचं कबूल करतो. आणि हे पाहा, तोंड फिरतं म्हणे. सकाळी पूर्वेला, दुपारी दक्षिणेला!” मग आवाज खाली आणून मला म्हणाले, “सोपानराव, खरं सांगा. खरंच फिरतं?”

“फिरतं म्हणजे? पाय आहेत त्याला!”

“पाय पण आहेत?” म्हणत त्यांनी पायातल्या चपला टेबलाखाली काढून ठेवल्या.

त्या दिवशी मी घरी पोचण्याआधी बातमी पोचली. कालव्याच्या चाळीत, म्हणजे आमच्याच, तोंड फिरवणारं कासव! बाजारच्या दिवशी बावड्याहून बैलगाड्या आल्या. साखरबाई, ज्यांनी आठ दिवसांपूर्वी त्याच धोंडूला पाचट सुचवलं होतं, त्याच पहिल्यांदा हळदकुंकू घेऊन उभ्या. मी ओरडलो, “वहिनी, त्याला जखम आहे! कुंकू नका लावू!”

“भाऊजी, देवाला जखम नसती. ती खूण असती.”

लोकांनी दूध ओतलं. नारळाचं पाणी ओतलं. डॉक्टरांनी कोरडी ठेवा म्हणून सांगितलेल्या जमिनीवर दिवसाला दोन-दोन तांबे ओतले जाऊ लागले. मी पुसायचो, लोक ओतायचे. धोंडूनं मान आत घेतली ती घेतलीच. मी दारात काठी घेऊन उभा राहिलो, तर आबासाहेब बाहेर लोकांना सांगताहेत, “पुजारी जरा तापट हायेत, मनावर घेऊ नगा.”

पुजारी! सतरा वर्षांत मला कचेरीनं बढती दिली नाही, आबांनी एका वाक्यात दिली.

या साऱ्या गोंधळात एकच शहाणा माणूस भेटला, तो नरसिंहपूरहून बारामतीला लग्न लावायला आलेला एक म्हातारा भटजी. लोकांनी ओढून आणला. त्यानं धोंडूकडं पाहिलं, माझ्याकडं पाहिलं आणि म्हणाला, “देवापुढं कासव ठेवतात, बाबांनो. कासवापुढं देव कोण शोधतंय? पुसा ती जमीन.” त्याचं कोणी ऐकलं नाही. तो बिनकागदाचा बोलत होता.

डॉक्टरांच्या महिन्यातले वीस दिवस गेले आणि म्हस्कू उगवला. बैलगाडी, दोन गडी आणि गोणपाटात गुंडाळलेला काळा दगड. चार फूट बाय तीन, मापात तंतोतंत. गोणपाट काढलं.

दगडाच्या मधोमध कासव कोरलेलं होतं. चारी पाय, मान, शेपूट, पाठीवर खवले. सुरेख काम, त्यात खोट नाही.

“म्हस्कू, हे काय?”

“कासवाची फरशी.”

“अरे, कासवाची म्हणजे कासवासाठी!”

“व्हय की. कासवाची फरशी म्हणलासा, कासव नगं का? इंदापूरच्या अंगाला एक पाथरवट हाय, त्याच्याकडनं काढून आणलं. आठ दिस टाकी चालीवली बिचाऱ्यानं.”

मी त्याला समजावलं. शांतपणे समजावलं असं लीलाबाई म्हणत नाही. म्हस्कूनं धोंडूला पाहिलं, तसा डोक्याला हात लावून बसला. “मालक, ह्ये जितं हाय व्हय? मंग तुमी ‘कासवाच्या बुडाखालची फरशी’ म्हनायचं. आमी काय वळखावं?”

बरोबर आहे. पण त्याचं चुकलं तर तो डोक्याला हात लावून बसला. तुमचं चुकलं तर तुम्ही माणूस पाठवलात.

आणि तो त्याच दिवशी, त्याच घटकेला आला. पाहणीसाठी इंदापूरहून एस.टी.नं, काखेत फाईल, हातात टेप. पडवीत पाहतो तर काय, दगडी कासव, भोवती गर्दी, फुलं, नारळाच्या करवंट्या.

“हेच का ते?”

“हे नव्हे. हे चुकीचं आहे. ते तिकडं, पाटावर. ओल लागू नये म्हणून पाटावर ठेवलंय.”

“म्हणजे दोन आहेत?” त्यानं लिहिलं.

“साहेब, ते जिवंत आहे!”

“हलवून दाखवा.”

इथं मी काय करावं? धोंडू आठवडाभर लोकांच्या दुधात बुडत होता. मान आत, पाय आत, शेपूट आत. मी हाक मारली. कोथिंबीर धरली. पालथा पडून पाटाशी तोंड नेलं आणि सगळ्या गर्दीसमक्ष, सतरा वर्षं सरकारी नोकरीत असलेल्या माणसानं, “धोंडू, बाळा, एकदा मान काढ रे” अशी विनवणी केली. बायका गहिवरल्या. त्यांना वाटलं भक्ती. पाव तास गेला. पाहणीवाल्यानं घड्याळ पाहिलं. “माझी एस.टी. चुकेल,” म्हणाला आणि निघाला. तो पडवीची पायरी उतरला, रस्त्याला लागला, तेव्हा धोंडूनं मान बाहेर काढली आणि दोन्ही बाजूंना पाहिलं.

चार दिवसांनी तुमचा आदेश आला. तोही मीच नोंदवला. पाठ आहे मला:

“सदर ठिकाणी दोन कासवे आढळून आली. पाहणीच्या वेळी दोन्ही अचल होती. लोकभावना लक्षात घेता पुढील आदेश होईपर्यंत परिस्थिती जैसे थे ठेवावी. कासवांची जागा, दिशा व त्यांखालील जमीन यांत कोणताही बदल करू नये. बदल झाल्यास अर्जदारास व्यक्तिशः जबाबदार धरण्यात येईल.”

जागा नाही बदलायची, दिशा नाही बदलायची आणि जमीन तर नाहीच. स्वातंत्र्य मिळून दहा वर्षं झाली, सगळा देश पुढं चाललाय असं तुम्हीच पंधरा ऑगस्टला टेबलावर उभं राहून सांगितलंत. फक्त माझ्या कासवानं जागचं हलायचं नाही!

मी डॉक्टरकडं पळालो. हयातीचा दाखला मागितला. त्यांनी हसतच दिला: “सदर कासव आज रोजी माझ्यासमोर जिवंत होते.” मग हसू थांबवून म्हणाले, “पण सोपानराव, फार दिवस हा दाखला देता येणार नाही मला. चट्टा आत चाललाय.” तो दाखला मी तुमच्या हातात दिला. नोंदवला नाही, हातात दिला. तुम्ही वाचलात आणि म्हणालात, “आज जिवंत होतं हे ठीक आहे. अर्जाच्या तारखेस होतं काय?”

तेव्हा मी दाखला उचलला आणि आपल्या टेबलावर जाऊन बसलो. त्याची मला अजून लाज वाटते. तुमची भीती वाटली म्हणून नव्हे. सतरा वर्षांची सवय नडली.

घरी येऊन पडवीत उभा राहिलो आणि हाक मारली, “धोंडू.” मान बाहेर होती. डोळे उघडे होते. माझ्याकडं पाहिलं. आला नाही. दोन पावलं टाकली आणि पोट टेकून बसला. सत्तावीस दिवस झाले होते.

लीलाबाई चुलीपाशी भाकरी थापत होती. ती या प्रकरणात पहिल्या दिवसापासून माझी थट्टा करत आलेली. हात धुतले, परसात गेली आणि पहार घेऊन आली.

“काय करतेस?”

“त्या म्हस्कूला बलवा. दगुड पडलाय न्हवं आयता? वरनं कासव हाय, खालनं तर नुसतीच टाकीची बाजू हाय ना? खडबडीत? पालथा घाला.”

साहेब, सतरा वर्षं मी कागद वाचतो आहे, पण दगडाला दुसरी बाजू असते हे मला सुचलं नव्हतं.

म्हस्कू आला, गडी आले. जुनी ओली जमीन वीतभर खणून काढली, खाली मुरूम ठोकला, कोरलेल्या कासवापुरता खळगा केला. आबासाहेब धावत आले. “आरं, आरं, देव पालथा घालताय? आदेश हाय साहेबांचा!”

लीलाबाई कमरेला पदर खोचून उभी. “देव न्हाय आबा, म्हस्कूची चूक हाय. चूक पालथी घालाय मुहूर्त बगायचा आसतो व्हय?” म्हस्कूनं मान खाली घातली, पण पहारीला जोर दिला. दगड पालथा बसला तो असा, की कोरलेलं कासव खुंटीसारखं जमिनीत रुतलं आणि फरशी तसूभर डुगडुगली नाही. गटारीकडं बोटभर उतार. साखरबाई बादली घेऊन आल्या. मी काठी उचलली. त्या म्हणाल्या, “ओतायला न्हाय, भाऊजी. धुवून बगू या म्हणलं.” धुतली. पाणी सरळ गटारीत गेलं, आणि भाकरी भाजून होईपर्यंत दगड खणखणीत कोरडा.

भाविक दोन दिवस आले. पाहायला दगडी कासव नाही, आणि जिवंत कासव त्यांच्याकडं पाठ करून कोथिंबीर खातंय. तिसऱ्या दिवशी कोणी आलं नाही.

याला आज अकरा दिवस झाले. पाणी सुटायचं थांबलं, चट्ट्यांवर खपली धरली. डॉक्टरांनी धोंडूला उलटा करून पाहिलं, सुलटा केला आणि म्हणाले, “आता आणू नका.” या वेळी त्याचा अर्थ चांगला होता.

आणि साहेब, आज सकाळी आठ वाजता मी पडवीच्या एका टोकाला उभं राहून हाक मारली. धोंडू निघाला. मध्ये एकदा थांबला, विचार केला, पुन्हा निघाला. सव्वातीन फूट चालून माझ्या पायापाशी आला. म्हणजे जागा बदलली, दिशा बदलली, खालची जमीन तर मी उघडउघड बदलली आहे. तुमच्या आदेशाचा संपूर्ण भंग झालेला आहे, आणि ज्यानं केला त्याला चार पाय आहेत. या लेखाची एक प्रत मी आवक नोंदवहीत चढवून तुमच्या टेबलावर ठेवली आहे. माझ्यावर जी कारवाई करायची ती करा, बदली करा, खोली काढून घ्या. पण त्याआधी एका प्रश्नाचं उत्तर लेखी द्या, तारीख घालून, सहीनिशी: आज सकाळी दगड चालला, की तुम्ही चुकलात? दोन्हीपैकी एकच लिहा. मी जावक नोंदवही उघडून बसलो आहे.